फोर्ट वर्थला आई-बाबांना नेताना: काय बघावं, कुठे उतरावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही प्लेनोला राहता, साताऱ्याहून आई-बाबा मे महिन्यात येतायत. बाबा पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेत, आई पूर्ण शाकाहारी आहेत, दोघांचेही गुडघे थोडे कुरकुरतात. काउबॉयचं गाव म्हणून त्यांना फोर्ट वर्थ दाखवायचंय. अर्ध्या दिवसात उरकेल का, की मुक्काम करावा, आणि करायचा तर कुठे?

मुक्काम करा. डॅलस-फोर्ट वर्थ भागात भारतातून येणाऱ्या पालकांच्या सहली आखून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि या एका मुद्द्यावर माझं मत ठाम आहे. प्लेनोहून सकाळी निघायचं, तास-सव्वा तास गाडी चालवायची, गुरांची मिरवणूक बघायची, टोपी घालून फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये परत फिरायचं, अशी सहल केली की फोर्ट वर्थ म्हणजे एक जत्रा होती एवढंच लक्षात राहतं. हे शहर गुरांच्या व्यापारावर उभं राहिलंय. तो व्यापार कसा चालायचा हे डोळ्यांसमोर आणायचं, तर गर्दी येण्याआधीची सकाळ हवी. तुमच्या बाबांसारख्या माणसाला तर नक्कीच हवी.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे काय बघतोय ते कळेल. 1849 मध्ये ट्रिनिटी नदीकाठच्या टेकाडावर अमेरिकन सैन्याने इथे एक ठाणं वसवलं. यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं उदंड होती आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. उत्तरेत मागणी होती, पण रेल्वे कॅन्ससपर्यंतच आली होती. मग काउबॉय हजारोंचे कळप पायी हाकत चिझम ट्रेल नावाच्या वाटेने उत्तरेकडे नेऊ लागले. पुढच्या ओसाड मुलखात शिरण्याआधी पीठ-मीठ भरून घ्यायला, आणि पैसे उडवायला, फोर्ट वर्थ हे शेवटचं मोठं गाव. 1876 मध्ये रेल्वे इथवर आली. त्यानंतर गुरं इथूनच डब्यांत चढू लागली, बाजार भरू लागला. 1902 च्या सुमारास आर्मर आणि स्विफ्ट या दोन मोठ्या मांस कंपन्यांनी बाजाराला लागूनच कारखाने उभारायला घेतले आणि गावाचं शहर झालं. 1944 साली या बाजारात वर्षभरात 50 लाखांहून जास्त जनावरं आली. पुढे ट्रक आले, शेतकऱ्याला गावाजवळच लिलाव मिळू लागला, आर्मर 1962 मध्ये बंद झालं, स्विफ्ट 1971 मध्ये. जे उरलं ते म्हणजे आजचं स्टॉकयार्ड्स.

पहिल्या दिवशी साडेनऊ-दहापर्यंत तिथे पोहोचा. एक्स्चेंज ॲव्हेन्यू हा विटांचा रस्ता तोवर मोकळा असतो. सरळ लाइव्हस्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीकडे जा. 1902 ची ही इमारत स्पॅनिश मिशन धाटणीची आहे, पांढरट भिंती आणि समोर हिरवळ. आपल्याकडच्या बाजार समितीत आडतदारांचे गाळे असतात तसे इथे गुरांच्या आडतदारांच्या पेढ्या होत्या, तार ऑफिसं होती, रेल्वेचे प्रतिनिधी होते. मागच्या बाजूला जनावरांचे लाकडी वाडे, पुढे सौदे आणि हिशोब. इमारतीतच स्टॉकयार्ड्सचं छोटं संग्रहालय आहे. बहुतेक लोक ते ओलांडून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. वजनकाटे, डाग द्यायच्या सळया, जुने फोटो, कागदपत्रं अशा गोष्टींपुढे जनावरांत आयुष्य घालवलेला माणूस किती वेळ रमतो ते मी पुष्कळदा पाहिलंय. बाबांना तिथे घाई करू नका.

गुरांची मिरवणूक रोज दोनदा निघते, सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला. तिकीट नाही. 1999 मध्ये शहराच्या दीडशेव्या वर्षी ती सुरू झाली, आणि सोबत घोड्यांवरचे गुराखी असतात. हवा फार बिघडली तर मिरवणूक रद्द होते आणि मे महिना वादळांचा, म्हणून सकाळचीच धरा. ती हुकली तर चारची हाताशी राहते. एक्स्चेंज इमारतीसमोरच्या हिरवळीच्या कडेला वीस-पंचवीस मिनिटं आधी जाऊन उभं राहा. गुडघ्यांमुळे उभं राहणं जड जाणार असेल तर घडीची खुर्ची गाडीत टाकून न्या.

ज्यांना काहीतरी थरारक बघायचं असतं ते या मिरवणुकीवर नाराज होतात, कारण जनावरं पळत नाहीत. पंधरा-एक लाँगहॉर्न, म्हणजे टेक्सासची लांब शिंगांची गुरं, सावकाश, माना हलवत, आपल्याच चालीने चालत जातात आणि काही मिनिटांत सगळं आटोपतं. पण जवळून बघा. एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही: तांबडा, बांडा, कबरा, राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा. काहींच्या शिंगांचा फैलाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा फुटांच्याही वर जातो, आणि एवढी शिंगं घेऊन ती एकमेकांना न लागता दाटीने चालतात. मान किंचित तिरकी करून वाट काढतात. हे सगळे खच्ची केलेले बैल आहेत. वळू किंवा गाई यांत नसतात, त्यामुळे कळप शांत राहतो. बाबांना हे सांगावं लागणार नाही, त्यांच्या लगेच लक्षात येईल.

बाबांसाठी आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण स्टॉकयार्ड्सच्या पाट्यांवर त्या क्वचितच सापडतात. लाँगहॉर्न ही स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गुरांची रानात वाढलेली औलाद. ती चिवट होती, गोचिडांना पुरून उरायची. पण तिच्या अंगावरच्या गोचिडांमुळे उत्तरेकडची गुरं तापाने पटापट मरायची. तिथल्या शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन टेक्सासचे कळप अडवले, राज्यांनी बंदीचे कायदे केले. हा ‘टेक्सास फीव्हर’ म्हणजे आपल्या पशुवैद्यांना चांगला ओळखीचा बबेसिओसिस. तो गोचिडांमार्फत पसरतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये सिद्ध केलं. सस्तन प्राण्यांचा एखादा रोग गोचीड किंवा कीटक पसरवतात याचा हा पहिल्या काही पक्क्या पुराव्यांपैकी एक. मलेरिया आणि डासांचा संबंध सिद्ध होण्याच्याही आधीचा.

दुसरी गोष्ट संध्याकाळी दिसेल. शुक्रवार-शनिवारी काउटाउन कोलिझियममध्ये रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या खेळांची स्पर्धा, असतो. 1908 ची ही वास्तू, आणि 1918 मध्ये बंदिस्त जागेतला पहिला रोडिओ इथेच झाला असं मानतात. बुल रायडिंगला, म्हणजे उसळत्या बैलावर बसून राहण्याच्या खेळाला, जे बैल येतात त्यांतल्या अनेकांच्या खांद्यावर वशिंड दिसेल. ते आपल्याकडचं आहे. टेक्सासच्या उन्हाला आणि गोचिडांना युरोपियन जातीची गुरं टिकेनात, म्हणून इथल्या रँचवाल्यांनी भारतीय वंशाचे बैल आणले; 1905-06 मध्ये पिअर्स रँचने तर थेट भारतातून आणवले. गीर, कांक्रेज, ओंगोल यांच्या रक्तातून अमेरिकन ब्राह्मण ही जात तयार झाली. पुढे किंग रँचने ब्राह्मण आणि शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून सांता गर्ट्रुडिस काढली. साताऱ्याच्या पशुवैद्याने टेक्सासच्या रिंगणात वशिंडाचा बैल बघणं, हे मला या सहलीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. म्हणून जमत असेल तर शुक्रवार-शनिवार धरूनच या.

रोडिओ सगळ्यांना झेपत नाही, हेही सांगायला हवं. वासराला दोरी टाकून पाडण्याचा प्रकार बघून अनेक आयांना गलबलून येतं. तुमच्या आईंना आधीच कल्पना द्या, आणि नको वाटलं तर मध्येच उठायला संकोच करू नका. बाहेर पडायच्या वाटेजवळच्या सीट घेतल्या की सोपं जातं. बॅरल रेसिंग, म्हणजे तीन पिंपांभोवती वेगात घोडा फिरवण्याची बायकांची स्पर्धा, ही मात्र त्यांनाही आवडेल. कोलिझियमबाहेर बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयचा पुतळा आहे. धावत्या बैलाची शिंगं धरून त्याला लोळवण्याचा खेळ त्याने रूढ केला. चित्रपटांत काउबॉय गोरेच दाखवले गेले, पण कळप हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं भरपूर होती. पुतळ्यापाशी थांबून एवढं आई-बाबांना नक्की सांगा.

मधल्या दुपारी उन्हात फिरवू नका. म्यूल ॲलीत बसा. घोडे आणि खेचरांचे हे जुने विटांचे तबेले. पहिल्या महायुद्धात युरोपातल्या सैन्यांसाठी इथून घोडे-खेचरांची प्रचंड खरेदी झाली. आता तिथे दुकानं आणि रेस्टॉरंट्स आहेत, जीर्णोद्धार नेटका झालाय. खरेदीची घाई नको, पण एम. एल. लेडीज या बूट-खोगिरांच्या दुकानात जरूर डोकावा. घरचा धंदा 1922 पासूनचा. खोगिरावरचं कातडी नक्षीकाम हाताने कसं उठवलेलं असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. माप देऊन शिवलेल्या बुटांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि किंमतही तशीच. तयार बूट घेणार असाल तर दुपारनंतर घाला, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पायाच्या वरच्या बाजूला घट्ट बसला पाहिजे, टाच चालताना जराशी उचलली गेली तरी चालेल. नवं कातडं नरम पडलं की ती बसते. बोटं दाबली जात असतील तर ‘नंतर सैल होईल’ यावर भरवसा ठेवू नका.

आता राहण्याचं. माझा सल्ला: पहिली रात्र स्टॉकयार्ड्समध्ये, आणि दुसरी करणार असाल तर डाउनटाउनमध्ये.

स्टॉकयार्ड्समध्ये तीन प्रकार आहेत. स्टॉकयार्ड्स हॉटेल 1907 चं, अगदी मुख्य चौकात. जुनं लाकूड, कातडी खुर्च्या, जुन्या धाटणीच्या खोल्या. 1933 मध्ये बॉनी आणि क्लाइड हे दरोडेखोर इथे उतरले होते अशी ख्याती. वातावरण हवं असेल तर याला तोड नाही. पण शुक्रवार-शनिवारी रस्त्यावरचा गाण्याबजावण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत येतो, म्हणून झोप हलकी असलेल्यांसाठी रस्त्यापासून आतली खोली आवर्जून मागा. हॉटेल ड्रोव्हर 2021 मध्ये सुरू झालं. ऐसपैस, देखणं, मागे ओढ्याकाठी मोकळं आवार, आणि महाग. लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल तर जरूर. नाहीतर एवढे पैसे तिथे घालवण्याची गरज मला वाटत नाही, आवारात जाऊन कॉफी घेतली तरी पुष्कळ. तिसरा प्रकार म्हणजे चालत जाता येईल अशी साखळी हॉटेलं, स्प्रिंगहिल स्वीट्स किंवा हयात प्लेस. तुमच्या आई-बाबांसाठी मी स्प्रिंगहिल निवडेन: मोठी खोली, फ्रिज, मायक्रोवेव्ह, सकाळचा नाश्ता भाड्यातच, आणि लिफ्ट. आईंनी बरोबर आणलेल्या दशम्या गरम करता आल्या की अर्धी चिंता मिटते. भाड्यांची तुलना करताना हॉटेल टॅक्स, पार्किंग आणि असल्यास डेस्टिनेशन फी धरूनच आकडा काढा. वेबसाइटवरचा पहिला आकडा आणि शेवटचं बिल यांत बरीच तफावत पडते.

स्टॉकयार्ड्समध्ये राहण्याचा खरा फायदा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कळतो. दुकानं बंद, रस्ता धुतलेला, आणि वाड्यांकडे गेलं की गुरांना वैरण घालणं चाललेलं दिसतं. कुंपणापलीकडे हात घालू नका, पण बघायला कुणी हरकत घेत नाही. आदल्या दिवशी गर्दीत जे जनावर क्षणभर दिसलं, ते इथे स्वस्थ रवंथ करताना मन भरेपर्यंत बघता येतं.

खाण्याचं. हे गाव गोमांसाचं आहे, तेव्हा शाकाहारी माणसाला स्टेकहाउसमध्ये उकडलेला बटाटा आणि सॅलडवर भागवावं लागतं. त्यापेक्षा मेक्सिकन बरं. जो टी. गार्सियाज 1935 पासून चालतंय, त्याची बाग फार सुंदर आहे आणि ते स्टॉकयार्ड्सपासून गाडीने पाचेक मिनिटांवर. मात्र कुठल्याही मेक्सिकन ठिकाणी ऑर्डरच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का? ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. वर मांस दिसत नाही एवढ्यावर पुष्कळ जण होकार देतात. आईंना निर्धास्त जेवायला घालायचं असेल तर मॅग्नोलिया ॲव्हेन्यूवरचं स्पायरल डायनर आहे, संपूर्ण व्हीगन.

दुसऱ्या दिवशी कल्चरल डिस्ट्रिक्ट. सोमवार टाळा, त्या दिवशी मोठी संग्रहालयं बंद असतात. वेळ एकाच ठिकाणी देता येणार असेल तर किंबेल आर्ट म्युझियम. 1972 ची ही इमारत लुई कान या वास्तुविशारदाची, म्हणजे ज्याने अहमदाबादचं आयआयएम उभारलं तोच. दोन्ही कामं त्याच्या हातात एकाच काळात होती. 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या स्टेशनवर त्याचं निधन झालं. अहमदाबादला वीट, इथे काँक्रीट आणि ट्रॅव्हर्टीन दगड. लांबलचक कमानदार छतं ओळीने मांडलेली, आणि प्रत्येक छताच्या माथ्यावर अरुंद फट. त्या फटीतून टेक्सासचं रणरणतं ऊन आत येतं, खाली लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर आपटतं आणि उलटं छतावर पसरतं. काँक्रीट चंदेरी दिसू लागतं, चित्रांवर डोळे दिपवणारा झोत कुठेच नाही. ढग आला की सगळं दालन मंदावतं, सरला की उजळतं. बाकावर बसून दहा मिनिटं नुसतं छत बघा. कायमचा संग्रह मोफत आहे. मायकेलँजेलोने बारा-तेरा वर्षांचा असताना केलेलं संत अँथनीचं चित्र आणि काराव्हाजोचे पत्ते खेळणारे ठग, ही दोन चुकवू नका.

तिथून चालत जाण्याजोगं आमोन कार्टर म्युझियम, तेही मोफत. रेमिंग्टन आणि रसेल या दोघांनी काउबॉय कसे रंगवले, घडवले ते इथे बघायचं. कालचा कळप बघून झाल्यावर ती चित्रं वेगळीच भिडतात, म्हणून क्रम उलटा करू नका. काउगर्ल म्युझियम मुलं बरोबर असतील तर छान. मॉडर्न आर्ट म्युझियमची तादाओ आंदोने केलेली इमारत तळ्याकाठी देखणी आहे, बाहेरून बघितलीत तरी चालेल.

गुरांच्या पैशाने काय काय झालं हे बघायचं असेल तर थिसल हिल हा वाडा. रँचमालक डब्ल्यू. टी. वॅगनर यांनी मुलगी इलेक्ट्रा हिच्या लग्नात तो तिला दिला, 1904 च्या सुमारास. या वॅगनरांच्या जमिनीत गुरांसाठी पाणी शोधताना तेल लागलं होतं. वाडा बघण्याच्या वेळा मर्यादित असतात आणि आत जिने आहेत, तेव्हा आधी चौकशी करून मगच ठरवा.

डाउनटाउनमध्ये राहायचं तर हिल्टन. पूर्वीचं हे हॉटेल टेक्सास, 1921 चं, आणि जॉन केनेडींची शेवटची रात्र इथे गेली, 21 नोव्हेंबर 1963 ची. त्यांच्यासाठी शहरातल्या कलाप्रेमींनी आपापल्या घरांतून आणि संग्रहालयांतून मोने, पिकासो, व्हॅन गॉग यांची अस्सल कामं आणून खोल्यांत लावली होती. सकाळी भुरभुर पावसात ते बाहेर जमलेल्या लोकांशी बोलले, आत नाश्त्याच्या समारंभात त्यांना काउबॉय टोपी भेट मिळाली. ती त्यांनी तिथे घातली नाही. सोमवारी व्हाइट हाउसमध्ये घालीन म्हणाले. दुपारी डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. हॉटेलसमोरच्या चौकात त्यांचा पुतळा आहे. आई-बाबांच्या पिढीला ती बातमी लहानपणची आठवत असते, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी उतरलात तरी इथे थांबा.

जवळच वॉटर गार्डन्स आहे, 1974 चं. खोल उतरत जाणारा पाण्याचा धबधबा वरून बघायला सुरेख. खाली उतरायच्या पायऱ्या मात्र सुट्या, ओल्या आणि कठड्याविना आहेत, आणि 2004 मध्ये तिथे चौघांचा बुडून मृत्यू झाला होता. आई-बाबांना वरच ठेवा, लहान मुलांचा हात सोडू नका. संध्याकाळी सनडान्स स्क्वेअरमध्ये चिझम ट्रेलचं भिंतभर चित्र आणि बास हॉल या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवरचे 48 फुटी देवदूत बघून घ्या.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी रोडिओची तारीख आणि तिकिटं, मग त्याच रात्रीचं स्टॉकयार्ड्समधलं हॉटेल, मग बाकी सगळं. मे महिन्यात पदवीदान समारंभांमुळे शनिवार-रविवारच्या खोल्या लवकर भरतात, म्हणून आत्ताच बघा. पुढे कधी जानेवारी-फेब्रुवारीत कुणी पाहुणे आले तर स्टॉक शो, म्हणजे जनावरांचं प्रदर्शन, असतो, 1896 पासूनचा, जवळपास तीन आठवडे चालतो. तेव्हा खोल्यांचे दर चढतात, पण गावोगावची शाळकरी पोरं आपली वाढवलेली वासरं स्पर्धेला घेऊन येतात, आणि बाबांना ते बघायला मिळालं तर मेपेक्षा तो हंगाम बरा. पाहुणे एकटेच डीएफडब्ल्यू विमानतळावर उतरणार असतील तर टर्मिनल बी वरून टेक्सरेल ही रेल्वे थेट फोर्ट वर्थ डाउनटाउनला येते, गाडी घेऊन धावत जायची गरज नाही.